खांद्यावर काही न घेता: रॉक लेकवरचा शनिवार-रविवार

कॅनडातल्या ॲल्गॉन्क्विन पार्कात कनूने, म्हणजे वल्ह्याच्या लांबट, अरुंद होडीने जायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो पोर्टेजचा. तळं संपलं की कनू डोक्यावर उलटी घ्यायची, पाठीवर पिशव्या बांधायच्या आणि चिखल-मुळं तुडवत पुढचं तळं गाठायचं. हौस असेल त्यांनी जरूर करावं. आमच्यातल्या दोघांनी आयुष्यात वल्हं हातात धरलं नव्हतं आणि एकाची पाठ कायमची कुरकुरते. म्हणून जिथे गाडीतून सामान थेट कनूत आणि कनूतून थेट तंबूत जाईल, अशी जागा शोधली. ती रॉक लेक.

ऑन्टारिओतलं ॲल्गॉन्क्विन पार्क 1893 सालचं आहे. त्याच्या दक्षिण भागातून हायवे 60 छप्पन्न किलोमीटर जातो आणि इथले पत्ते पश्चिमेच्या गेटपासून मोजलेल्या किलोमीटरवर चालतात. चाळिसाव्या किलोमीटरच्या किंचित पुढे उजवीकडे रॉक लेक रोड लागतो. तो कच्चा, खडीचा रस्ता थेट पाण्याशी नेतो. ही पार्कची नऊ क्रमांकाची प्रवेशजागा. मुक्कामाच्या परवान्यावर हाच क्रमांक असला पाहिजे. आरक्षण पाच महिने आधी उघडतं आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार भराभर जातात. लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की आरक्षण तळ्याचं असतं, ठरावीक जागेचं नाही. त्या तळ्यावरची जी जागा रिकामी सापडेल ती तुमची. त्यामुळे शुक्रवारी रात्री जवळपास मुक्काम करून शनिवारी सकाळी लवकर पाण्यात उतरणं फार फायद्याचं.

आम्ही सप्टेंबर निवडला, आणि पुन्हा जाईन तर तेव्हाच जाईन. मे-जूनमध्ये ब्लॅक फ्लाय नावाच्या चिमुकल्या माश्या कानामागे रक्त काढतात, त्यानंतर डासांची पाळी. सप्टेंबरात दोन्ही जवळजवळ संपलेले असतात, शाळा सुरू झाल्यामुळे गर्दी ओसरते आणि महिनाअखेरीला मेपल लाल व्हायला लागतात. रात्री मात्र कडाक्याच्या, झोपायच्या पिशव्या जाड हव्यात. अंधारही लवकर पडतो, तेव्हा तंबू उभारण्याचं काम जेवणाच्या आधीचं.

पोर्टेज नसल्याचा सगळ्यात मोठा फायदा सामानात. भाड्याने कनू घेताना केवलार नावाच्या कृत्रिम धाग्याची हलकी, महाग कनू घ्यायचं कारणच उरत नाही. जाड प्लॅस्टिकची जड कनू घ्या, ती खडकावर घासली तरी जीव वर-खाली होत नाही. घडीच्या खुर्च्या, बर्फाची पेटी, ओतीव तवा, खरी उशी, सगळं न्या. फक्त डबाबंद अन्न आणि काचेच्या बाटल्या आतल्या भागात नेऊ देत नाहीत. घरीच प्लॅस्टिकच्या डब्यात काढून ठेवा.

पण भरपूर सामान म्हणजे कसंही सामान नव्हे. जड वस्तू तळाला, मध्यभागी. वजन मागे किंचित जास्त, म्हणजे कनू सरळ धावते. समोरून वारा असेल तर तेच किंचित पुढे सरकवायचं, नाहीतर वारा पुढचं टोक धरून फिरवतो. काठोकाठ ढीग करू नका. झोपायच्या पिशव्या आणि कोरडे कपडे पाणी न शिरणाऱ्या ड्राय बॅगेत, आणि ती बॅग कनूला बांधलेली.

उतारापासून, म्हणजे कनू पाण्यात सोडतात त्या जागेपासून, निघालं की आधी मडावास्का नदीचा एक संथ, अरुंद तुकडा. नवख्यांनी इथेच हात बसवून घ्यावा. पुढे बसलेला मित्र पहिली दहा मिनिटं बाजू घट्ट धरून होता. "अरे, ही डोलतेय!" "डोलू दे, तू गुडघे टेक." तो बाकावरून खाली सरकला, गुडघे तळाला टेकले आणि कनू जागच्या जागी शांत झाली. वजन खाली गेलं की होतं ते इतकंच. लाटा आल्या, बोटीची फेस उडवणारी रेघ आली, की बाक सोडायचा.

दिशा सांभाळायची ती मागच्याने. एकाच बाजूने वल्हवलं की टोक दुसरीकडे वळतं, मग बाजू बदलत बदलत कनू नागमोडी जाते. त्यावर उपाय म्हणजे जे-स्ट्रोक. वल्हं नेहमीसारखं मागे ओढायचं, ते कंबरेच्या मागे आलं की वरच्या हाताचा अंगठा खाली वळवायचा आणि पातं हलकेच बाहेर ढकलायचं. पाण्यात इंग्रजी J अक्षर उमटतं. सुरुवातीला मनगट दुखतं, तासाभराने हात आपोआप वळतो.

नदीतून बाहेर पडलं की रॉक लेक एकदम मोकळं होतं, आणि वाराही. माझ्या मते पोर्टेज नसलेल्या सहलीत खरी परीक्षा वाऱ्याचीच. खांद्यावरचं ओझं गेलं म्हणून निवांत झालेला माणूस दुपारी दोन वाजता मोकळ्या पाण्यात मधोमध सापडतो. वारा सहसा दुपारी वाढतो. मोठं पाणी सकाळी पार करा, अंतर थोडं वाढलं तरी काठाकाठाने जा, आणि लाटा आडव्या येत असतील तर त्यांना तिरकं कापत जा. सावकाश वल्हवताना ताशी चार किलोमीटर धरा. समोर वारा असेल तर त्याचेही निम्मे. लाइफ जॅकेट कनूत असणं पुरेसं नाही, अंगावर, बकले लावून. शिवाय शिट्टी, पाणी उपसायचं भांडं आणि पाण्यावर तरंगणारा पंधरा मीटरचा दोर.

मुक्कामाच्या जागा काठावर नारिंगी पाटीने दिसतात. चूल मांडलेली असते, आणि मागे झाडीत एक लाकडी पेटी, झाकण उघडलं की शौचालय. आडोसा नाही, भिंती नाहीत, पण सकाळचा नजारा भारी. आम्ही जागा निवडताना दुपारचा वारा कुठून लागेल ते आधी पाहिलं. किडे असतील त्या महिन्यात वारा लागणारी टोकाची जागा चांगली, सप्टेंबरात आडोशाची. जळणासाठी खाली पडलेलं वाळकं लाकूडच घ्यायचं, आणि जागेच्या आसपासचं आधीच्या मंडळींनी साफ केलेलं असतं. रिकामी कनू घेऊन काठाने थोडं पुढे गेलात तर हवं तेवढं मिळतं. निघण्याआधी आगबंदी नाही ना, तेवढं पाहा.

इथे काळी अस्वलं आहेत. अन्न, टूथपेस्ट, कचरा, सगळं एका पिशवीत भरून तंबूपासून लांब, जमिनीपासून चार मीटर वर आणि खोडापासून दोन मीटर दूर टांगायचं. योग्य फांदी शोधण्यातच अर्धा तास जातो, म्हणून हे काम उजेडात. दोराला दगड बांधून फेकण्याचा खेळ आमच्याकडे सगळ्यात जास्त रंगला. तळ्याचं पाणी उकळून किंवा गाळूनच प्यायचं.

मुक्काम एकाच जागी ठेवल्यामुळे रविवार मोकळा मिळाला. तंबू हलवायचा नाही, सामान तिथेच, फक्त पाणी आणि खाऊ घेऊन फिरायचं. रॉक लेकच्या कड्यांवर इथल्या मूळ रहिवाशांची गेरूने काढलेली चित्रं आहेत. फार पुसट झालीत, ऊन तिरकं असताना शोधावी, हात लावू नये. पूर्व काठाला बार्कले एस्टेट या जुन्या बंगल्याचे अवशेष आणि लाकूडसम्राट जे. आर. बूथने 1890च्या दशकात बांधलेल्या रेल्वेचा जुना मार्ग आहे. तो बूथ्स रॉक ट्रेलचा भाग आहे. पाच किलोमीटरची ही पायवाट कड्यावर नेते आणि तिथून रॉक लेक, व्हाइटफिश लेक दोन्ही दिसतात. दक्षिण टोकाला पेन लेककडे 375 मीटरचं पोर्टेज आहे. कनू काठावर ठेवून आम्ही ते रिकाम्या हाताने चालून आलो. माफक पुण्य.

एक तक्रार सांगायलाच हवी. पोर्टेज नाही म्हणजे गर्दीला अडवणारं काही नाही. रॉक लेकवर मोटरबोटी चालतात, काठावर काही खाजगी घरं आहेत, आणि शनिवारी दुपारी मागच्या जागेवरचा हशा ऐकू येतो. संपूर्ण एकांत हवा असेल तर ही जागा तुमची नाही. लहान मुलं, वयस्कर आई-वडील किंवा पहिल्यांदा जाणारे असतील तर याहून सोपी जागा मला माहीत नाही.

उत्तरेला व्हाइटफिश लेकही नदीमार्गे बिनपोर्टेज गाठता येतं. परतीच्या दिवशी सकाळी नऊच्या आत निघा. वारा सुरू होण्याआधी नदीच्या तोंडाशी पोचलात की पुढे घाई नाही. उताराच्या जागी गाडी आणून सामान भरेपर्यंत कनू बाजूला ओढून ठेवा, मागून येणाऱ्यांना वाट मोकळी हवी असते.