तुम्ही विचारलंत म्हणून: मग औषध कोणतं शोधलंत?

‘एवढी वर्षं संशोधन केलंत, मग औषध कोणतं शोधलंत?’ माझा विषय सेंद्रिय रसायनशास्त्र आहे असं कळलं की दोन मिनिटांत हा प्रश्न येतोच. उत्तर अगदी छोटं आहे: एकही नाही. पण ते ऐकून समोरच्याचा चेहरा असा पडतो की मलाच त्याची समजूत घालावीशी वाटते. आज तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी वलयं बांधते. कार्बनच्या अणूंचं वलय, आणि त्यात एखादा परका अणू: नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा गंधक. पुस्तकांत यांना विषमचक्रीय संयुगं म्हणतात, प्रयोगशाळेत आम्ही नुसतं हेटरोसायकल म्हणतो. कॅफीन, क्विनाइन, रक्तातलं हीम, डीएनएमधले चारही बेस, सगळे याच कुळातले. पिरिडिनसारख्या (पाच कार्बन आणि एक नायट्रोजन असलेल्या) वलयातल्या नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी असते. तिच्या जोरावर रेणू प्रथिनाला धरून राहतो, म्हणून औषधांत ही वलयं पुन्हा पुन्हा भेटतात. (पिरिडिनचा वास मात्र विचारू नका. तो कपड्यांबरोबर घरी येतो.)

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी पायराझोल, म्हणजे शेजारी-शेजारी दोन नायट्रोजन असलेली पाच अणूंची वलयं, बनवत होते. नायट्रोजन देणारं फिनाइलहायड्राझिन आणि कार्बन देणारं डायकीटोन एकत्र रिफ्लक्सला लावायचे, म्हणजे उकळत ठेवायचे, सोपं काम. पण डायकीटोनची दोन टोकं सारखी नसतील तर वलय दोन तऱ्हांनी मिटू शकतं. मला टीएलसीवर (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून दाखवणाऱ्या पट्टीवर) एकच स्पॉट दिसला, यील्ड चांगलं आलं, द्रवणांक नेमका मिळाला. मी खूश. आम्ही धरून चाललेल्या रचनेवरून पुढची अकरा संयुगं बनवली. मग कुणीतरी सहज सुचवलं म्हणून एनएमआर यंत्रावर नोझीचा, म्हणजे कोणते अणू एकमेकांजवळ आहेत ते दाखवणारा, प्रयोग केला, तर वलयाला जोडलेले फिनाइल आणि मिथिल हे गट चक्क शेजारी निघाले! आमच्या कागदावर ते एकमेकांपासून लांब होते. दोन्ही रूपांचं सूत्र तेच, वस्तुमान तेच, त्यामुळे तोवर शंकाच आली नव्हती. सहा महिन्यांचं लिखाण चुकीचं ठरलं. गाईड रागावले नाहीत. म्हणाले, ‘बारा चित्रं आहेत. बसून प्रत्येकातला मिथिल हलव.’

नंतर वाचताना थोडा दिलासा मिळाला. १८८३ मध्ये लुडविग क्नोर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने फिनाइलहायड्राझिन आणि इथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेटपासून जे वलय बनवलं, ते त्याला आधी क्विनाइनमध्ये असतं त्या क्विनोलीनच्या जातीचं वाटलं होतं. निघालं पायराझोलोन, पायराझोलचाच ऑक्सिजनवाला भाऊ. त्यातून आलेलं अँटिपायरिन तापावर तरीही चाललं. रुग्णाच्या शरीराला क्नोरच्या कागदावरचं चित्र कुठे बघायचं होतं!

तर औषधाचं असं आहे. आमच्यासारखे लोक वलय मिटवायच्या पद्धती काढतात. माझ्या नावावरही दोन-तीन आहेत. त्यांतली एक बरी आहे, बाकीच्यांत इतका कॉलम (पदार्थ शुद्ध करायची नळी) चालवावा लागतो की मी कुणाला सुचवणार नाही. पुढे त्या वलयाचं कोण काय करेल हे आमच्या हातात नसतं. चोवीस वर्षांच्या आर्थर हान्ट्झ्श या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८८१ मध्ये एक अल्डिहाइड, अमोनिया आणि अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेटचे दोन रेणू एकाच फ्लास्कमध्ये जोडून डायहायड्रोपिरिडिनचं (दोन हायड्रोजन जास्त असलेल्या पिरिडिनचं) वलय मिळवलं. त्याच्या डोक्यात रक्तदाब नव्हता. त्याच जोडणीने बनणारं रक्तदाबाचं औषध निफेडिपिन रुग्णांपर्यंत पोचलं ते १९७० च्या दशकात.

आईला रक्तदाबासाठी ही गोळी दिली तेव्हा पाकीट उलटून मी नाव वाचलं आणि तिथेच कागदावर वलय काढून दाखवलं. इथे नायट्रोजन, इथे नायट्रोचा गट, हे दोन भाग अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेटकडून आलेले. तिने चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, ‘म्हणजे हे तू शोधलंस?’

नाही म्हटलं. मग तिला एवढंच सांगितलं, की गोळी आधीच पाकिटातून काढून खिडकीत ठेवू नकोस. उजेडात त्या नायट्रोचा नायट्रोसो (एक ऑक्सिजन कमी असलेला गट) होतो, वलयातले दोन हायड्रोजन जातात आणि उरतं ते साधं पिरिडिनचं वलय. त्याने रक्तदाब उतरत नाही.