खिशात न मावणारं पुस्तक

आजोबांच्या कपाटात होमिओपॅथीची दोन पुस्तकं होती. एक बोरिकचं 'पॉकेट मॅन्युअल'. एवढं जाडजूड पुस्तक मावेल असा खिसा कुठला शिंपी शिवत असेल, हे कोडं मला लहानपणीच पडलं होतं. मूळ पुस्तक १९०१ चं. पुढे त्याला रेपर्टरी, म्हणजे लक्षणावरून औषध शोधायची सूची, जोडली गेली आणि ते आणखी फुगलं. दुसरं ॲलनचं 'कीनोट्स', अंगानं बरंच सडपातळ.

बोरिकचा कारभार तलाठ्याच्या दप्तरासारखा. एकेका औषधाची लक्षणं घ्यायची आणि मन, डोकं, डोळे, कान, असं उतरत उतरत हातपायांपर्यंत यायचं. मग त्रास कशानं वाढतो, कशानं कमी होतो, औषधाचे मित्र कोण, वैरी कोण आणि शेवटी मात्रा. अडलेली गोष्ट बरोबर सापडते, पण पुस्तक मिटलं की डोक्यात काही राहत नाही. ॲलन मोजकंच सांगतो आणि ते औषध ज्याला लागू पडतं, तो माणूस समोर उभा करतो. कॅमोमिलाचं पोर हवं ते मागतं, दिलं की भिरकावतं, कडेवर घेऊन फिरवलं तरच गप्प बसतं. ब्रायोनियाला जरा हललेलंही सोसत नाही, तर ऱ्हस टॉक्सला हालचाल केली की बरं वाटतं. बोरिकमध्येही हे सगळं आहेच, पण पन्नास लक्षणांच्या गर्दीत. एक मात्र कबूल, सतत बदलणाऱ्या लक्षणांच्या पल्सेटिलाला 'औषधांमधला वातकुक्कुट' म्हणणारा बोरिकच. तिथे त्यानं ॲलनवर मात केली.

गोळ्यांबद्दल मी फारसं बोलत नाही. थर्टी म्हणजे दर वेळी शंभरपट, असं तीस वेळा पातळ केलेलं औषध. बाराव्या खेपेच्या पुढे मूळ पदार्थाचा रेणू उरणंही मुश्कील. पण माणसांचे नमुने वाचायला मी अजून ॲलन काढतो. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये अर्सेनिकम तर दर वेळी असतं: एका जागी बसवत नाही, आणि पाणी घोटघोट, पण सारखं.

परवा नक्स व्होमिकाचं पान उघडलं. चिडका, बैठ्या कामाचा, दुसऱ्याच्या चुका काढणारा. समासात आजोबांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं, "मी." त्याखाली आजीचं ठसठशीत अक्षर: "गोळ्या नंतर. आधी चहा कमी करा."