घरी शिकले, दहावी झाले आणि एका दाखल्यापायी अडकले : माझा अनुभव

परवा आईच्या ओळखीतल्या एका ताईंचा फोन आला. त्यांचा मुलगा घरीच शिकतो, पुढच्या वर्षी एनआयओएसमधून, म्हणजे शाळेत न जाता परीक्षा देता येते त्या केंद्र सरकारच्या ओपन स्कूल बोर्डातून, दहावी देणार आहे, आणि त्यांचा पहिलाच प्रश्न, "अगं, तू एलसीचं काय केलंस?" एलसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. सहा वर्षं झाली, तरी हा शब्द कानावर पडला की माझं डोकं तापतं. त्यांना अर्धा तास फोनवर सांगितलं, मग वाटलं एकदा लिहूनच काढावं, कारण मी जेव्हा शोधत होते तेव्हा मराठीत मला कुठं काही सापडलं नव्हतं.

मी सांगलीची. शाळेत गेलेच नाही, बालवाडीत दोन-तीन महिने गेले तेवढंच. आई आधी शिक्षिका होती, नोकरी सोडल्यावर तिनं आणि बाबांनी मिळून ठरवलं की हिला घरीच शिकवायचं. आजीचा जाम विरोध होता, "पोरीचं वाटोळं कराल" म्हणायची, ते पाच-सहा वर्षं चाललं. घरी शिकते म्हणजे घरात बसून असते असं सगळ्यांना वाटायचं. प्रत्यक्षात सकाळी आईबरोबर गणित आणि भाषा, दुपारी वाचन, आणि बाबांचं हळदीचं अडतीचं काम असल्यामुळं सौद्याच्या दिवसांत मार्केट यार्डात. शेकडेवारी मी तिथंच शिकले, क्विंटलचा भाव, त्यातनं हमाली, तोलाई, अडत वजा जाता शेतकऱ्याच्या हातात काय पडलं हे बाबा माझ्याकडून वहीत करून घ्यायचे आणि चुकलं तर पुन्हा करायला लावायचे. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ जाऊन कृष्णेची पातळी फुटात लिहून आणायची आणि महिन्याचा आलेख काढायचा, चाळीस फुटांवर इशाऱ्याची रेघ, पंचेचाळीसवर धोक्याची. त्या वह्या अजून माझ्याकडं आहेत.

शिकण्याबद्दल मला कधी अडचण आली नाही. अडचण आली ती कागदाबद्दल. आणि त्याची चुणूक २०१५ मध्येच मिळाली होती. ४ जुलै २०१५ ला राज्यभर शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं, त्यात आमच्या दारात दोन शिक्षिका आल्या. मी बारा वर्षांची. त्यांनी विचारलं कोणती शाळा, मी म्हणाले घरी शिकते. त्यांनी एकमेकींकडं बघितलं, फॉर्मवर काहीतरी लिहिलं आणि माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावली, मतदानाला लावतात तशी. आई त्यांना माझ्या वह्या दाखवत होती, त्या ऐकून घेत होत्या, पण त्यांच्या फॉर्मवर 'घरी शिकते' असा रकानाच नव्हता. शाळेत आहे किंवा शाळाबाह्य, दोनच. त्या बायकांचा दोष नाही, दिवसभर उन्हापावसात फिरत होत्या बिचाऱ्या. पण ती शाई जाईपर्यंत मी बोट मुठीत धरून हिंडत होते, ते मला अजून आठवतं.

एनआयओएसचा भाग सोपा गेला म्हणून थोडक्यात सांगते. दहावीसाठी वय १४ पूर्ण पाहिजे, आधीची कुठलीही इयत्ता पास असल्याचा कागद लागत नाही, दहावीचा अभ्यास झेपेल असं आपणच लिहून द्यायचं असतं. जन्माचा दाखला, आधार, फोटो. पाच विषय, त्यात किमान एक भाषा. एप्रिलच्या परीक्षेसाठी आदल्या वर्षीच फॉर्म भरायचा असतो, मी २०१८ मध्ये भरला आणि एप्रिल २०१९ ला परीक्षा दिली. विषयाला असाइनमेंट असते, तिला टीएमए म्हणतात, तिचे २० टक्के धरतात, ती हलक्यात घेऊ नका. परीक्षा वर्षातनं दोनदा होते आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, त्यामुळं मुलावर प्रेशर आणायची काही गरज नाही. जून २०१९ मध्ये निकाल लागला, मला ८१ टक्के पडले. आजीनं स्वतः पेढे वाटले.

इथपर्यंत सगळं छान. मग अकरावी.

मला सायन्सच हवं होतं. आमच्याकडं तेव्हा अकरावीचं अॅडमिशन कॉलेजमध्ये जाऊनच व्हायचं. फॉर्म भरला, मेरिट लिस्ट लागली, यादीत माझं नाव होतं, मी फोटो काढला त्या यादीचा. कागदपत्रं तपासायला तीन दिवस दिले होते, मी पहिल्याच दिवशी बाबांबरोबर गेले. खिडकीवर हेडक्लार्क होते. गुणपत्रक बघितलं, ठीक. जन्मदाखला, ठीक. आधार, ठीक. मग म्हणाले, "एलसी?"

एनआयओएसच्या गुणपत्रकाबरोबर एक मायग्रेशन-कम-ट्रान्सफर सर्टिफिकेट मिळतं, तेच एलसीच्या जागी चालतं. मी ते दिलं. त्यांनी ते उलटंपालटं करून बघितलं. "हे मायग्रेशन झालं. एलसी कुठाय?"

बाबा म्हणाले, "सर, ती शाळेत गेलेली नाही, त्यामुळं शाळा सोडल्याचा दाखला नसणारच."

"शाळेत न जाता दहावी कशी झाली?"

मग बाबांनी सगळं समजावून सांगितलं. मागं लाईन वाढत होती. ते म्हणाले, "ते सगळं खरं असेल हो, पण मला जनरल रजिस्टरला काय लिहायचं ते सांगा." आणि त्यांनी ते रजिस्टर आमच्याकडं फिरवलं. लाल कापडी बांधणीचं, टेबलभर पसरलेलं. रकाने होते: जन्मस्थळ, मागील शाळेचं नाव, त्या शाळेतला रजिस्टर नंबर, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडल्याचं कारण. वरच्या सगळ्या पोरांच्या ओळी एकसारख्या भरलेल्या, वर्तणूक चांगली, कारण दहावी उत्तीर्ण. माझ्याकडं यातल्या निम्म्या रकान्यांना उत्तर नव्हतं. तो माणूस वाईट नव्हता हे मला आज कळतं, त्याला त्या रकान्यांचीच भीती होती, उद्या तपासणीत कोणी विचारलं तर काय सांगायचं. पण त्या दिवशी मला रडू आलं, आणि मी त्यांच्यासमोर रडले याचा राग मला आजपर्यंत आहे.

एका हमीपत्रावर तात्पुरतं अॅडमिशन दिलं, 'पंधरा दिवसांत शाळा सोडल्याचा दाखला सादर करीन' असं त्यावर लिहिलेलं. बाबांनी घाईत सही केली. ही आमची सगळ्यात मोठी चूक. जो कागद अस्तित्वातच नाही तो आणून देईन असं कधीही लिहून देऊ नका. त्या सहीवरनं पुढं प्रत्येक वेळी आम्हालाच ऐकवलं गेलं.

त्यानंतर किती खेपा झाल्या ते आईनं लिहून ठेवलंय, ऑगस्ट सुरू व्हायच्या आत सात. एकदा साहेब रजेवर, एकदा "संस्थेकडं विचारतो", एकदा "बोर्डाकडं विचारून या, मग बघू". एका खेपेला दुसऱ्या टेबलवरच्या बाई म्हणाल्या, "मुलगी मध्येच काढली होती का शाळेतनं? लग्नाबिग्नाचं काही होतं का?" आई माझ्याबरोबर होती. आई खूप शांत बाई आहे, ती फक्त म्हणाली, "मॅडम, तिचं गुणपत्रक बघा ना." पण घरी येईपर्यंत रिक्षात ती एक शब्द बोलली नाही.

आणि एकानं बाबांना गाठून सांगितलं की तालुक्याच्या एखाद्या शाळेत आठवीपासून नाव दाखवून दाखला निघतो, थोडे पैसे पडतील, चार दिवसांत काम. हे आमच्यासारख्या बऱ्याच पालकांना सुचवलं जातं आणि अडकलेला माणूस तयारही होतो, मी कोणाला नावं ठेवत नाही. बाबा म्हणाले, "माझ्या पोरीनं काही खोटं केलेलं नाही, मग खोटा कागद कशाला?" प्लीज हे करू नका. दोन ठिकाणी दोन वेगळे रेकॉर्ड झाले की पुढं जन्मभर निस्तरत बसावं लागेल.

सगळ्यात जास्त मला जे लागलं ते वेगळंच होतं. अॅडमिशन तात्पुरतं असल्यामुळं माझं नाव हजेरीत आलं नव्हतं. माझ्यासाठी वर्ग ही गोष्टच नवीन, साठ-सत्तर पोरं, बाकं, घंटा, मला हे सगळं फार आवडलं होतं, खरंच. रोज पहिल्या तासाला सर रोल नंबर घ्यायचे, शेवटी विचारायचे, "कोणाचं राहिलं?" आणि मी उभी राहायचे. रोज. सर म्हणायचे, "ऑफिसला भेट." पाच-सहा दिवसांनी पोरं मागं वळून बघायचीही बंद झाली, त्यांना माहीत झालं होतं की ही एक उभी राहते.

मग ऑगस्टमध्ये महापूर आला. आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, माझ्या वहीत तेवढी उंच रेघ कधीच नव्हती, आलेखाला वर कागद चिकटवावा लागला. आम्ही विश्रामबागच्या बाजूला असल्यामुळं वाचलो, पण बाबांच्या गोदामात पाणी शिरलं, पोतीच्या पोती गेली. कॉलेज बंद. त्या दिवसांत एलसीचा विषय कोणाच्या मनातसुद्धा नव्हता, आम्ही रोज पोळ्या करून शिबिरात पोचवत होतो.

कॉलेज पुन्हा सुरू झाल्यावर आईनं सूत्रं हातात घेतली. ती म्हणाली आता तोंडी काही बोलायचं नाही. तिनं अर्ज लिहिला: माझी मुलगी शाळेत गेलेली नसल्यामुळं शाळा सोडल्याचा दाखला अस्तित्वात नाही, एनआयओएसनं दिलेलं मायग्रेशन-कम-ट्रान्सफर सर्टिफिकेट मूळ प्रतीत जोडलं आहे, ते ग्राह्य धरावं, आणि ग्राह्य धरता येत नसेल तर कोणत्या नियमानं ते लेखी कळवावं. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. सोबत केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर १९९० च्या ठरावाची प्रिंट जोडली, ज्यानं या ओपन स्कूलला परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायचा अधिकार मिळाला, आणि बाबांचं १०० रुपयांच्या स्टॅम्पवरचं प्रतिज्ञापत्र की मुलीचं शिक्षण जन्मापासून घरीच झालं. अर्ज आवक-जावकला दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय आई हलली नाही.

तिसऱ्या दिवशी उपप्राचार्य मॅडमनी बोलावलं. टेबलवर माझी फाईल. त्यांनी सर्टिफिकेट हातात घेतलं आणि हेडक्लार्कना म्हणाल्या, "यात ट्रान्सफर हा शब्द आहे की. तुम्ही वाचलं नाही का?" बस. जुलैपासून तो शब्द त्या कागदावर छापलेलाच होता. मागील शाळेच्या रकान्यात एनआयओएस, नोएडा लिहा, रजिस्टर नंबरच्या जागी एनरोलमेंट नंबर लिहा, जन्मस्थळ जन्मदाखल्यावरनं घ्या. दहा मिनिटं लागली नसतील. मला आनंद होण्याऐवजी आधी संताप आला, इतकंच होतं तर जुलैत का नाही?

आठवेल तसं आणखी सांगते. सायन्सला जायचं असेल तर एनआयओएसला गणित आणि विज्ञान दोन्ही घ्या, हे फॉर्म भरतानाच ठरवावं लागतं. मूळ सर्टिफिकेट लॅमिनेट करू नका, मागं शिक्के बसतात. एनआयओएसचा निकाल लागल्यावर मूळ कागद हातात यायला वेळ लागतो, त्यासाठी स्टडी सेंटरच्या मागं लागून राहा. आता अकरावीचं सगळ्या राज्यात ऑनलाइन झालंय, पण कागद शेवटी कॉलेजच्या खिडकीवर कोणीतरी माणूसच तपासतो, म्हणून अर्ज आधीच तयार ठेवा. आणि आईसारखी रोजची वही ठेवा, काय शिकवलं, कुठं गेलो. ती कुठल्या ऑफिसनं मागितली नाही, पण प्रतिज्ञापत्र करताना वकिलांनी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर तिच्यात होतं.

बारावीला आमची परीक्षाच झाली नाही, २०२१, कोरोना. निकाल दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीच्या वर्षातल्या कामाचे ४० टक्के धरून लावला, म्हणजे माझी घरी बसून केलेली दहावी तिथं इतरांच्या दहावीइतकीच धरली गेली. त्याचं मला फार समाधान वाटलं.

त्यानंतर डिग्रीच्या अॅडमिशनसाठी त्याच खिडकीवर दाखला आणायला गेले. तेच हेडक्लार्क. त्यांनी मला ओळखलं, रजिस्टर काढलं, माझी ओळ शोधली आणि दाखल्यावर हळूहळू उतरवून घेतली. मागील शाळा : एनआयओएस, नोएडा. वर्तणूक : चांगली. सही-शिक्का करून माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले, "घे बाळा, तुझा एलसी." मी तिथंच उभी राहून दोनदा वाचला आणि बाहेर पडल्यावर आधी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन दहा प्रती काढल्या. त्यातली एक ताईंना व्हॉट्सअॅपवर पाठवलीय, नाव-नंबर झाकून.