आमची वाटचाल: सात हाय पिच आणि माझी चिठ्ठी

जुनी लाकडी क्लॅरिनेट घ्यायची, उभी करायची आणि विकायची, एवढंच आमचं काम. सुरुवातीला दोघं होतो. मी बेंचवर, पार्टनर खरेदीला. त्याला कान होता, बोलणं गोड होतं, फक्त टेप लावून मोजायचा भयंकर कंटाळा.

एकदा त्याने अकरा पीसचा लॉट उचलला, जवळजवळ सगळं भांडवल त्यात गेलं. अस्सल ग्रेनाडिला (डॅल्बर्जिया जातीचं काळं लाकूड), चाव्या सरळ, एकालाही तडा नाही. मी तर बघूनच खूश, लगेच सगळी खोलली, पॅड (चाव्यांखालच्या गाद्या) नवीन, सुईच्या स्प्रिंगा बदलल्या, टेननना, म्हणजे तुकडे एकमेकांत बसतात त्या टोकांना, कॉर्क चढवले, स्पिरिटच्या दिव्यापुढे तीन आठवडे मान वर केली नाही. मग ट्यूनर लावून पहिलं वाजवलं तर सूर वर. बॅरल (माऊथपीसखालचा छोटा तुकडा) ओढलं, अजून ओढलं, घशाचे म्हणजे बॅरलजवळच्या छिद्रांचे सूर खाली आले पण खालचे हलायलाच तयार नाहीत. तेव्हा टेप काढली. लो पिच, म्हणजे आजच्या सुराचं, बीफ्लॅट क्लॅरिनेट माऊथपीस सोडून साधारण 59-60 सेंटिमीटर भरतं, हे त्याहून दोनेक सेंटिमीटर आखूड. अकरापैकी सात हाय पिच, म्हणजे जुन्या काळच्या चढ्या सुराची! आणि गंमत म्हणजे त्यातल्या दोन वाद्यांवर ‘एचपी’ असा ठसा चक्क होता, आम्ही तो कंपनीची खूण समजून सोडून दिला होता. 440 वर (ए = 440 हर्ट्झ, आजचा नेहमीचा सूर) वाजवणाऱ्या ग्रुपात ही घेऊन बसता येत नाही, हे तुम्हाला काय सांगायचं.

पैसे अडकले. तेव्हा आमच्याच लायनीतला एक जण आला, सातही घेतो म्हणाला, भाव असा की नुसत्या पॅडचा खर्च निघावा. मी त्याला तोंडावर सांगितलं, ही हाय पिच आहेत, शोपीस म्हणूनच द्या. हो हो म्हणाला. नंतर त्याने ती व्हिंटेज, कॉन्सर्टला रेडी म्हणून विकली, आणि प्रत्येक केसमध्ये माझी सहीची चिठ्ठी तशीच ठेवली, ‘पॅड, कॉर्क, स्प्रिंग नवीन’. शिव्या मला. पार्टनर त्याच महिन्यात निघून गेला, त्याला मी दोष देत नाही (थोडा देतो).

टिकलो ते क्लॅरिनेट शिकवणाऱ्या एका मास्तरांमुळे. ते वर्षातून दोनदा आपली बीफ्लॅट आणि ए अशा दोन क्लॅरिनेटची जोडी घेऊन यायचे, कधी एका स्प्रिंगचा ताण तर कधी नुसतं बोअर ऑइल (आतल्या नळीच्या लाकडाला द्यायचं तेल). एकदा शिष्याचं वाद्य घेऊन आले, केसमध्ये माझी चिठ्ठी. म्हणाले, "काम तुझं आहे, पण हे पिच लपवून विकणं तुझं नाही." त्यानंतर त्यांचा प्रत्येक शिष्य विकत घेण्याआधी वाद्य मला दाखवायला आणू लागला.

पुढे धंदा बरा चालला. 2017 च्या जानेवारीत अख्खं डॅल्बर्जिया, ज्यात आमचं ग्रेनाडिलाही आलं, साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत गेलं तेव्हा परदेशी गिऱ्हाइकं परमिटच्या कटकटीने गळाली, 2019 च्या नोव्हेंबरअखेर तयार वाद्यांना सूट मिळाली, संपलं.

आता विषय निघालाच आहे तर ऐका. चकाकी बघून घेऊ नका. आधी लांबी, मग वरच्या-खालच्या दोन्ही जॉइंटवरचे (मुख्य तुकड्यांवरचे) नंबर जुळतात का ते, मग वरच्या जॉइंटच्या ट्रिल होलपासून (वरच्या टोकाजवळची छोटी छिद्रं) टेननपर्यंत भिंग लावून तडा शोधा, काळं मेण भरून बुजवतात. बोटाने घासून गंधकाचा वास आला तर ते लाकूड नाही, एबोनाइट (कडक केलेलं रबर) आहे. पॅड गळतो का बघायला सिगारेटच्या कागदाची पट्टी पुरते, महागडी साधनं नकोत. आणि वर्षानुवर्षं न वाजलेलं लाकूड पहिल्याच दिवशी दोन तास फुंकू नका, दहा-पंधरा मिनिटं बास.

गेल्या महिन्यात त्या सातातलं एक परत बेंचवर आलं. वरच्या जॉइंटला तडा, त्यात मेण भरलेलं, आणि केसच्या कप्प्यात पिवळी पडलेली माझी चिठ्ठी. मेण कोरून काढलं, तडा बसवला, आणि ती चिठ्ठी काढून नवीन ठेवली: ‘हाय पिच. एकट्याने वाजवायला.’ खाली सही, मोठी.