तात्यांच्या डोंगरावरच्या शेताला सोलर बसवायचंय

बार्शीच्या पुढं बालाघाटच्या डोंगरात आमच्या तात्यांचं शेत आहे, वस्तीपासून पोल इतका लांब की लाईट येईल येईल म्हणत माझं लहानपण संपलं. आता सोलर बसवायचंच ठरवलंय. सोलापुरात एका दुकानात विचारलं तर त्यांनी काही न विचारताच तीन किलोवॅट सांगितलं, मी तसाच माघारी आलो आणि वही घेऊन बसलो.

9 वॅटचे चार बल्ब पाच तास म्हणजे 180 युनिट नव्हे हां, 180 वॅट-तास. बीएलडीसी फॅन, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, 30 वॅटचे दोन, रात्रभर दहा तास, 600. मोबाईल, हातातली टॉर्च वगैरे 50. झाले 830. म्हणजे एक युनिट, 1000 वॅट-ताससुद्धा नाही! साधे 75 वॅटचे फॅन धरले असते तर फॅनचेच 1500 झाले असते, त्यामुळं पहिला पैसा फॅनवर घालायचा हे माझं पक्कं मत झालंय. दुसरं म्हणजे इन्व्हर्टर, बॅटरीच्या डीसीची घरच्यासारखी एसी वीज करणारा. तो नुसता चालू राहिला तरी 15 वॅट खातो, दिवसाला 360, म्हणजे दोन फॅनच्या निम्म्याहून जास्त, कुणी सांगत नाही हे. म्हणून बल्ब आणि फॅन सरळ 24 व्होल्ट डीसीचे घेणार आणि इन्व्हर्टर लागेल तेव्हाच चालू करणार. पाण्याची मोटर यात धरलीच नाही, 3 एचपी म्हणजे 2200 वॅट, तिचं सोलर वेगळंच पाहिजे.

आपल्याकडं ऊन भरपूर पण मे महिन्यात पॅनल इतकं तापतं की ताकद दहा-पंधरा टक्के कमी होते, आणि पावसाळ्यात आभाळ आलं की विचारूच नका. म्हणून 335 वॅटचे दोन पॅनल, दक्षिणेला तोंड करून साधारण 18 अंश कलते. दोन्ही सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढं एक जोडले की थंडीतल्या पहाटे व्होल्टेज नव्वदच्या वर जातं, त्यामुळं पॅनलची वीज बॅटरीत बेतानं भरणारा चार्ज कंट्रोलर 150 व्होल्टचा घेणार, तोही एमपीपीटी, म्हणजे पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा; शंभरवाला काठावर येतो.

बॅटरीवर दोन दिवस अडलो. 150 एएच (अँपिअर-तास) च्या 12 व्होल्टच्या दोन लेड ॲसिड घेतल्या तर लवकर खराब होऊ नयेत म्हणून निम्म्याच वापरायच्या म्हणजे 1800 वॅट-तास, दोन रात्री निघतात. पण डिस्टिल्ड वॉटर बघणार कोण, तात्यांचे गुडघे आधीच दुखतात. 100 एएचची 24 व्होल्ट लिथियम, ती एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) वाली, महाग पडते पण तीच घ्यायची, आणि पत्र्याखाली नाही तर मातीच्या भिंतीच्या खोलीत ठेवायची.

जागेचं मात्र तात्यांनीच ठरवलं. छपराजवळ कडुलिंबाची सावली तीननंतर पडते, फांदी तोडू का विचारलं तर म्हणाले, "तिच्याखाली तुझी आजी बसायची, तार लांबव." मग शेळ्यांच्या गोठ्यापलीकडं स्टँड, चांगलं काँक्रीट घालून, तिथं वारं लै जोरात असतं. रविवारी टेप घेऊन जातोय.