पिंपातलं पाणी

२०१९च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट. शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येऊन थांबलं, आणि उपसा केंद्रंच पुरात बुडाल्यामुळं घरातले नळ मात्र कोरडे पडले. दारात महापूर आणि प्यायला टँकर, असे ते दिवस. नळ सुरू झाले तरी लोकांच्या मनातली धास्ती गेली नव्हती. पिंपं, बादल्या, घागरी, आजेसासूच्या काळातलं घंगाळसुद्धा भरून ठेवलेलं असायचं.

महिनाअखेरीस शेजारचा नववीतला मुलगा तापानं फणफणला. डोळ्यांच्या मागं ठणका, अंग मोडून आलेलं. तपासणीत डेंगी निघाला. चौथ्या दिवशी ताप उतरला तशी त्याच्या आईनं देवापुढं साखर ठेवली. त्याच रात्री पोट दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, तळहात गार पडले. दवाखान्यात नेलं तेव्हा प्लेटलेट्स २६ हजारांवर आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "डेंगीत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवसच जास्त जपायचे असतात." आमच्यापैकी कुणालाच हे ठाऊक नव्हतं. पोरगं वाचलं. पण आठवड्याभरात गल्लीत आणखी तिघं आजारी पडले.

त्या वर्षी २ सप्टेंबरला गणपती बसले. पुरामुळं आमच्या तालमीनं, म्हणजे गल्लीच्या मंडळानं, देखावा रद्द केला होता, त्यामुळं पोरं मोकळी होती. आमच्या भागातल्या आरोग्यसेविका आशाताईंनी मांडवातच आम्हा १४ जणांना बसवून घेतलं. एका पांढऱ्या ताटलीत पिंपातलं पाणी घेऊन त्यावर टॉर्च मारला. दोऱ्याच्या तुकड्याएवढ्या अळ्या वळवळत तळाला गेल्या, आणि थोड्या वेळानं श्वास घ्यायला वर येऊन उलट्या लोंबकळल्या. असले किडे मी लहानपणापासून बघत आले होते. आठ-दहा दिवसांत त्यांचाच डास होतो आणि तो दिवसा चावतो, हे त्या दिवशी कळलं.

मग दोघादोघांच्या जोड्या करून आम्ही घरोघरी साठवलेलं पाणी बघायला निघालो. "धुराची गाडी बोलवा की," असं प्रत्येक घरात ऐकायला मिळायचं. धूर उडत्या डासांना मारतो, पाण्यातल्या अळ्यांना त्याचं काही होत नाही. हे समजावता समजावता घसा बसला. जोडीत एक बाई हवीच, असं मी धरून बसले, कारण मोरीपर्यंत आणि फ्रिजच्या मागच्या ट्रेपर्यंत बाईच जाऊ शकते. पहिल्या दिवशी ४२ घरं बघितली, त्यांतल्या ११ घरांत अळ्या मिळाल्या. कुंडीखालच्या बशा, गच्चीवर टाकलेलं टायर, मनी प्लांटची बाटली. सगळ्यांत जास्त पिंपांत.

माझी चूक दुसऱ्या दिवशी झाली. गल्लीच्या टोकाला जुन्या वाड्याच्या मागच्या खोलीत एक आज्जी एकट्या राहतात. पिंपात टॉर्च मारला तर अळ्याच अळ्या. मी काही न विचारता पिंप मोरीत कलतं केलं. पाणी भसाभस वाहून गेलं. आज्जी चुलीपाशी होत्या, आवाज ऐकून आल्या. ओरडल्या नाहीत.

"पोरी, तिकडनं कोपऱ्यावरनं धा खेपा घालून आणलतं मी," एवढंच म्हणाल्या आणि उंबऱ्यावर बसल्या.

तिथल्या नळाला दाबच नव्हता. हे मला माहीत असायला हवं होतं, मी त्याच गल्लीतली. पुराच्या आठवड्यात टँकरमागं पळालेलं माणूस पिंप मोकळं कसं ठेवेल? मी आणि माझ्या जोडीच्या पोरानं कोपऱ्यावरून घागरी भरून आणल्या. सातव्या खेपेला माझी कंबर धरली. आज्जींचं वय सत्तरीच्या पुढं.

त्या रात्री तालमीत बसून आम्ही पद्धत बदलली. 'पाणी ओता' म्हणायचंच नाही. दोन पदरी धोतराच्या फडक्यातून पाणी दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यायचं, अळ्या राहिलेलं फडकं उन्हात टाकायचं. मग रिकामं पिंप आतून काथ्यानं घासायचं, कडेला तर जोर लावून. कारण डासाची मादी अंडी पाण्याच्या काठाशी, भिंतीला चिकटवते आणि ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. नुसतं पाणी बदलून भागत नाही. घासून झालं की गाळलेलं पाणी परत ओतायचं आणि वर जुनं लुगडं ताणून दोरीनं बांधायचं. ज्या टाक्या रिकाम्या करताच येत नाहीत त्यांत अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले. एका पिंपाला वीस मिनिटं जायची. पण दारं उघडायला लागली. आधी ज्या काकू "नंतर या" म्हणायच्या, त्या आता काथ्या घेऊन उभ्या असायच्या.

दर रविवारी तीच घरं, कारण आठ दिवसांत नवीन डास तयार होतो. त्या वर्षी पाऊस ऑक्टोबरमध्येही हटेना. गणपती गेल्यावर १४ जणांचे सहा राहिले. कुणाच्या परीक्षा, कुणाची ड्यूटी. राग कुणाचाच धरला नाही, पण सहा जणांत गल्ली पुरी होईना, तेव्हा फार एकटं वाटायचं. दिवाळीच्या आधीच्या रविवारी शेजारचा तो पोरगा आपणहून आला. अजून वाळलेलाच होता. टॉर्च त्याच्याकडं दिला.

आज्जींकडं गेलो तेव्हा त्याचा हात थेट पिंपाच्या दोरीकडं गेला. मी त्याला थांबवलं आणि दारातून हाक मारली.

"आज्जी, बघू का?"

"थांब, आधी चार घागरी भरून घेतो, मग सोड," आतून आवाज आला.