मये ते दिवाडी: भरती-ओहोटी बघून धावण्याचे आठ महिने

रविवारी मयेतल्या घरापासून दिवाडी बेटावर जाऊन परत, असे एकवीस किलोमीटर धावून झाले. २ तास ३८ मिनिटं, फेरीबोटीचा वेळ वगळून. आकडा आधी लिहिते आहे, कारण जूनमध्ये ही वही उघडली तेव्हा उजव्या नडगीमुळे सलग तीन किलोमीटरही होत नव्हते. सोमवारी सकाळी जिना उतरताना मुद्दाम उजव्या पायावर भार देऊन पाहिला. कळ आली नाही.

नडगी बिघडली ती माझ्याच घाईने. मार्च ते मे या काळात आठवड्याचं अंतर १५ वरून ३८ किलोमीटरवर नेलं. सगळं डांबरावर, रोज त्याच डिचोलीच्या रस्त्याने, रोज त्याच वेगाने. फिजिओथेरपिस्ट बाईंनी नडगीच्या आतल्या कडेवर बोट दाबलं आणि मी ओरडले. दोन आठवडे पूर्ण विश्रांती, मग मऊ जमिनीवर हळूहळू सुरुवात, असं त्यांनी सांगितलं. पण जून महिन्यात गोव्यातल्या खेड्यात मऊ जमीन शोधायची कुठे? सड्यावरचा जांभा पावसात शेवाळून निसरडा होतो, शिवाय तिथे फुरशाची भीती. मोरडाच्या, म्हणजे उंचावरच्या, शेतात नांगर फिरत असतो. उरला तो खाजनाचा बांद.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. खाजन म्हणजे नदीकाठची सखल शेतं. भरतीच्या वेळी नदीचं पाणी या शेतांपेक्षा वर असतं, म्हणून शेत आणि नदी यांच्या मध्ये मातीचा बांद घातलेला असतो. चिखल, पेंढा, बांबू, बाहेरून दगड, अशी जुनी बांधणी. माथा दीड-दोन हात रुंद, त्यावर गवत, खाली दमट माती. एका बाजूला कांदळवन आणि नदी, दुसऱ्या बाजूला भात. पाय टेकला की जमीन जराशी दबते आणि पाय सोडते. डांबरावर पाऊल टाकल्यावर गुडघ्यापर्यंत जो ठोका जातो, तो इथे जाणवत नाही.

फक्त बांदावर आपल्या सोयीने जाता येत नाही. उधाणाच्या दिवसांत भरती पुरी असताना खालच्या जागी पाणी काठोकाठ येतं, माथा भिजतो आणि पाय घोट्यापर्यंत रुततो. पहिल्या आठवड्यात दोनदा अर्ध्यातून परत आले. मग सासऱ्यांनी विचारलं, "अगो, कालनिर्णय बघून जातेस की नाही?"

"कालनिर्णय कशाला, बाबा?"

"आज षष्ठी. सहाची पाऊणपट म्हणजे साडेचार. साडेचारला भरती पुरी. तू साडेसहाला निघ, तोवर पाणी उतरतं."

तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. किनाऱ्यावरच्या मासेमारांचा आणि खाजनात राबलेल्या लोकांचा हा जुना हिशेब. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे हा ठोकताळा कामाला पुरतो. आमच्याकडे मांडवी समुद्रापासून बरीच आत आहे, म्हणून मी त्यात पाऊण तास मिळवते. तेव्हापासून माझं धावण्याचं वेळापत्रक वारांवर नाही, तिथींवर चालतं. पौर्णिमेच्या आणि अमावास्येच्या पहाटे ओहोटी असते, तेव्हा लांबची धाव. अष्टमीच्या आसपास पहाटे भरती असते, तेव्हा बांद सोडून तळ्याकडे.

जुलैत एक गोष्ट लक्षात आली, आणि आठ महिन्यांतलं सगळ्यात मोठं शिकणं तेच. ओल्या बांदावर लांब टांग टाकता येत नाही. टाच पुढे गेली की घसरलीच. म्हणून पावलं आपोआप लहान पडतात, पाय कमरेच्या खाली येतो आणि पावलांची संख्या वाढते. डांबरावर मिनिटाला १५८ पावलं पडायची. जुलैअखेर बांदावर १६८ दिसली, आणि मी त्यासाठी काही केलेलं नव्हतं. नडगीचं दुखणं वाढवणाऱ्या कारणांत पुढे फेकलेली टांग हे एक मोठं कारण आहे, हे वाचलं होतं. डांबरावर पावलं मोजून ते सुधारायचा प्रयत्न केला होता तेव्हा जमलं नव्हतं. चिखलाने तीन आठवड्यांत जमवलं.

एकदा पडलेही. २० जुलैच्या सुमाराला, मानशीपाशी.

मानस म्हणजे बांदातला पाण्याचा दरवाजा. दगडी बांधकाम, त्यात लाकडी फळ्या. भरती चढली की नदीचं पाणीच बाहेरून फळ्यांना रेटून त्या बंद करतं. ओहोटीला आतल्या पाण्याचा जोर वाढतो, फळ्या उघडतात आणि शेतातलं जादा पाणी बाहेर पडतं. त्या दिवशी मी पोचले तेव्हा पाणी नुकतंच फिरत होतं. आधी फळीच्या कडेने बारीक धार, मग लाकूड करकरलं, मग फळी एकदम हललीच आणि मातकट पाणी फेसासह बाहेर. तोंडाशी जाळं लावून बसलेला माणूस उठून उभा राहिला. ते बघायला मी थांबले, आणि परत पाऊल उचलताना दगडावरच्या शेवाळावरून सरकले. हाताचा कोपरा खरचटला, बाकी काही नाही. त्या माणसाने हात दिला आणि म्हणाला, "बाय, बोटं टेक आधी, टाच नको." घसरड्या दगडावरून कसं चालायचं ते सांगत होता तो. मी ते तसंच धावण्यात घेतलं.

इथे एक सूचना, अगदी कळकळीने. पायाला जखम असेल तर पावसाळ्यात शेतातल्या साचलेल्या पाण्यात उतरू नका. उंदरांच्या मुतामुळे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, आणि आपल्याकडे तो दर पावसाळ्यात माणसं आजारी पाडतो. मी कोपरा घरी येऊन साबणाने धुतला आणि खपली पक्की होईपर्यंत बांद सोडला.

ऑगस्ट बरा गेला. आठवड्याला १८, २०, २०, २२ किलोमीटर. सगळे सावकाश, म्हणजे शेजारी कोणी असतं तर पूर्ण वाक्य बोलता आलं असतं इतक्या वेगाने. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठवड्यात शून्य. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं आणि नेवऱ्या तळायच्या होत्या.

सप्टेंबरपासून मये तळं. पर्यटक बंजी जंपिंगच्या मनोऱ्यासाठी येतात, पण सकाळी साडेसहाला तिथे पाणकावळे आणि मी एवढेच असतो. तळं तिन्ही बाजूंनी टेकड्यांच्या कुशीत आहे, त्यामुळे धुकं उशिरापर्यंत पाण्यावर बसून राहतं. काठाचा सपाट भाग सरावाला घेते आणि वर गावाकडे जाणारा चढ जोर वाढवायला: ६० सेकंद वर, चालत खाली, सहा वेळा. माट्टीच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांखालून जातो तो चढ. माट्टीची साल मगरीच्या पाठीसारखी असते. शेवटच्या फेरीला दम खाताना तिला हात लावून उभी राहते. धनेश दोनदा दिसला. आधी पंखांचा आवाज येतो, कोणी सूप पाखडावं तसा.

ऑक्टोबर मात्र जड गेला. पाऊस गेला, ऊन आलं आणि दमटपणा तसाच राहिला. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही, म्हणून त्याच वेगाला हृदयाचे ठोके जास्त पडतात. ऑगस्टमध्ये ज्या वेगाला १४२ ठोके होते, त्याला १५६ दिसू लागले. वेग सोडला आणि ठोके धरले. एक तास धावण्याआधी आणि नंतर वजन केलं तर १.१ किलो कमी भरलं, म्हणजे तासाला लिटरभर पाणी जात होतं आणि मी पीत होते जेमतेम एक पेला. आता अर्ध्या लिटरच्या बाटलीत दोन चमचे कोकम आगळ, चिमूटभर मीठ आणि साखर. दुकानातल्या पुड्यांपेक्षा हे पोटाला चांगलं मानवलं. आगळात आधीच मीठ असतं, त्यामुळे चव बघून घाला.

चोडणच्या बाजूबद्दल काही जणांनी विचारलं होतं. मये–चोडण रस्ता सकाळी सुरेख आहे, दोन्हीकडे खाजन, बगळ्यांचे थवे. पण डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात धावायला जाऊ नका. ते सगळं मिळून १.७८ चौरस किलोमीटरचं कांदळवन आहे, तिथली वाट पक्षी बघत हळू चालण्याची आहे. आणि पिळगावच्या बाजूला खनिजाचे ट्रक चालू असतील त्या दिवशी तो रस्ता वगळा. धूळ छातीत तीन दिवस राहते.

आता ज्या वाटेसाठी ही नोंद लिहायला घेतली, ती. घरातून नार्वे, फेरीने दिवाडी, तिथे फेरा मारून परत. सहा, नऊ आणि सहा.

नार्वेला उतरताना रस्ता कुळागरांतून जातो. पोफळींच्या सावलीत हवा दोन अंश तरी थंड वाटते आणि पाटाच्या पाण्याचा आवाज सोबत येतो. मग सप्तकोटेश्वराचं देऊळ. हे कदंब राजांचं कुलदैवत, आणि त्याचं मूळ स्थान नदीपलीकडे दिवाडीवर. पोर्तुगीजांनी १५४० मध्ये ते देऊळ पाडलं, लिंग नदी ओलांडून इकडे आणलं गेलं, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथलं देऊळ बांधवून घेतलं. दारावर त्याचा शिलालेख आहे. दीपमाळेपाशी बूट काढून दोन मिनिटं थांबते. देव ज्या वाटेने आला त्याच्या उलट दिशेने मी जाते, हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा अंगावर काटा आला होता. गोकुळाष्टमीला इथल्या नदीत स्नानाला गर्दी लोटते, त्या दिवशी धावायला जाऊ नये, स्नानाला जावं.

फेरीला पायी माणसाला पैसे पडत नाहीत. वेळ मात्र आदल्या दिवशी धक्क्यावर विचारून ठेवा. नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा फेरीत बाकावर बसून राहिले, आणि पलीकडे उतरताच दोन्ही पोटऱ्या आवळल्या. आता बसत नाही. कठड्याला धरून टाचा वर-खाली करते, वीस-वीसच्या तीन खेपा, आणि रसबाळीचं एक केळं खाते.

दिवाडीला रस्त्याचा पूल नाही, म्हणून तिथे अजून वाहनं कमी. उतरल्यावर लांबच लांब सपाट रस्ता, दोन्हीकडे शेतं, मधूनच कोकण रेल्वेची गाडी दूरवरून आडवी जाते. डिसेंबरात भात कापून झालेलं असतं आणि कापणीनंतरच्या पेंढ्यांचा वास दवात मिसळून येतो. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत जातो. येताना भेटला तर दोन उंडे (गोल पाव) घेऊन ठेवते. शेवटी पिएदाद गावचा चढ. नऊ किलोमीटरनंतर येतो म्हणून जास्त वाटतो. पहिल्या तीन वेळा चालले. रविवारी पहिल्यांदाच तो पूर्ण धावत चढले, १७२ ठोक्यांवर, आणि चर्चसमोर थांबले. समोर मांडवी आणि पलीकडे जुन्या गोव्याची चर्चं झाडांतून डोकं काढून उभी. ऊन नुकतंच से कॅथेड्रलच्या भिंतीवर आलं होतं. तिथे एक म्हातारी झाडू मारत होती. तिने विचारलं, "खंयच्यान आयलें गो बाय?" मयेहून, म्हटलं. "चलत?" धावत. तिने झाडू भिंतीला टेकवला आणि आतून तांब्याभर पाणी आणून दिलं.

परतीच्या सहामध्ये शेवटचे दोन बांदावरून घेतले. अमावास्या शनिवारी होती, म्हणून सकाळी पाणी खाली गेलेलं मिळालं, माती घट्ट. शेवटच्या किलोमीटरला पावलं १७०.

ज्यांना आकडे हवेत त्यांच्यासाठी: जून ९ किलोमीटर आठवड्याला, ऑगस्ट २२, ऑक्टोबर २४, डिसेंबर ३२, आता ३६. मेमधल्या ३८ च्या जवळ परत आले आहे, पण यातले निम्म्याहून जास्त मातीवरचे. बुटांचा एक जोड फक्त पावसाळी बांदासाठी ठेवला आहे, तळाला खोल खाचा असलेला. आत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवला की दुसऱ्या सकाळी घालण्याजोगा होतो.

एक गोष्ट अजून बाकी आहे. फेरीत दोनदा थांबलेले एकवीस आणि सलग एकवीस हे सारखे नाहीत. म्हणून माघ पौर्णिमेला पहाटे फेरी न घेता, नार्वेपर्यंत जाऊन तळ्यामार्गे परत, असा सलग फेरा ठरवला आहे. ओहोटी साडेपाच-सहाच्या सुमारास. हेडलॅम्पचे सेल आजच बदलले.